कोणाला, काय, केव्हा कळते : नाट्यरचनेविषयी प्रस्तावना

सोफोक्लीसच्या 'राजा ईडिपस' या नाटकात कोरिंथहून एक दूत थीब्जला येतो. आपण चांगली बातमी आणली आहे, अशी त्याची समजूत आहे. ईडिपसचे वडील, कोरिंथचे राजे पॉलिबस, वारले असून तिथली गादी आता ईडिपसची आहे. बापाचा खून आपल्या हातून होणार या भविष्यवाणीच्या धास्तीने ज्याने कोरिंथ सोडले, त्याला हे ऐकून सुटल्यासारखे वाटते. पण भविष्यवाणीचा उरलेला भाग, आईशी विवाह होण्याचा, त्याला अजून छळतोच आहे. दूताला त्याची कीव येते. त्याची भीती घालवावी म्हणून तो सांगून टाकतो की पॉलिबस आणि मेरोपी हे तुझे सख्खे आईबाप नव्हेतच. तान्हा असताना मीच तुला त्यांच्या ओटीत घातले. धीर देण्यासाठी उच्चारलेल्या या वाक्याने सगळा डोलारा कोसळू लागतो. शेजारी उभ्या असलेल्या राणी योकास्टाला सारे तिथल्या तिथे उमगते. ईडिपसला उमगायला अजून एक मेंढपाळ यावा लागतो. आणि अथेन्सच्या प्रेक्षकाला तर ही गोष्ट नाटकाला येऊन बसण्याआधीपासूनच ठाऊक होती.

या प्रवेशात रंगभूमीवर घडते काय? कोणी कोणावर हात उगारत नाही. खून आणि विवाह दोन्ही कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेलेले आहेत. एका माणसाजवळची माहिती दुसऱ्याकडे जाते, इतकेच घडते. तरीही अडीच हजार वर्षांनंतर हा प्रवेश वाचताना आपण ताठ होऊन बसतो, कारण तीन निरनिराळ्या पायऱ्यांवर उभी असलेली तीन माणसे आपल्याला एकाच वेळी दिसत असतात: सर्व जाणणारा प्रेक्षक, आत्ताच जाणलेली योकास्टा आणि अजून न जाणणारा ईडिपस.

कथानक म्हणजे घटनांची मालिका, अशी व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती चूक नाही, पण अपुरी आहे. घटनांच्या क्रमाखाली आणखी एक व्यवस्था काम करत असते. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय दडलेले आहे, ते केव्हा आणि कोणाच्या तोंडून उघड होणार आणि उघड झाल्यावर त्या माणसाला कोणती किंमत मोजावी लागणार, हे ती व्यवस्था ठरवते. नाटक बांधले जाते ते या व्यवस्थेने, असे माझे ठाम मत आहे आणि हे पुस्तक त्याच मताच्या आधारे लिहिले आहे.

हा विचार मी नव्याने शोधून काढलेला नाही. इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या घटकांमध्ये कथानकाला पहिले स्थान दिले, व्यक्तिरेखेलाही त्यानंतरचे. त्याच्या मते उत्तम कथानकात दोन गोष्टी असतात. एक, कलाटणी: कृती ज्या हेतूने केली त्याच्या नेमके उलट फळ मिळणे. दुसरी, अभिज्ञान: अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे. ही दोन्ही एकाच क्षणी घडली तर सर्वांत उत्तम, असे म्हणताना त्याने उदाहरण दिले ते ईडिपसचेच. गाठ बसणे आणि गाठ सुटणे असे नाटकाचे दोन भागही त्याने पाडले. त्याचा एक बारकावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. गाठीचा काही भाग नाटक सुरू होण्यापूर्वीच बसलेला असतो, असे तो सांगतो. म्हणजे पडदा वर जातो तेव्हा गोष्टीचा बराचसा भाग होऊन गेलेला असू शकतो. काय होऊन गेले ते कळायचे तेवढे बाकी असते. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचा 'काव्यशास्त्र' हा ग्रंथ मराठीत आणला आहे. नाटक लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी सावकाश वाचावा.

भरताच्या नाट्यशास्त्रातला विचार याहून अधिक तपशिलात जातो. गोदावरी केतकरांसारख्या अभ्यासकांनी तो मराठी वाचकासमोर मांडला, तरी आपल्या नाट्यशिबिरांत तो आजही अभावानेच शिकवला जातो. भरत कथानकाला नाट्याचे शरीर मानतो आणि त्याच्याकडे तीन बाजूंनी पाहतो. नायकाच्या प्रयत्नाच्या बाजूने पाहिले तर पाच अवस्था: आरंभ, प्रयत्न, फळ मिळेल अशी आशा, ते मिळण्याची निश्चिती आणि फलप्राप्ती. कथेच्या सामग्रीच्या बाजूने पाहिले तर पाच अर्थप्रकृती: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. यांतली पताका म्हणजे दूरवर साथ देणारे उपकथानक. प्रकरी म्हणजे छोटा, तेवढ्यापुरता प्रसंग. आणि सांध्यांच्या बाजूने पाहिले तर पाच संधी: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण.

या पाचांतला गर्भसंधी मला सर्वांत मोलाचा वाटतो. इथे बीज हाती लागते, पुन्हा हरवते आणि त्याचा पुन्हा शोध सुरू होतो. नाटकाच्या मध्यभागी हे सापडणे-हरवणे हवे, हे आपल्या शास्त्रकारांनी नेमके ओळखले होते. आज एखाद्या संहितेविषयी तालमीत 'मध्ये पडते' अशी तक्रार होते, तेव्हा बहुधा हेच नसते. पहिल्या अंकात प्रश्न मांडलेला असतो, शेवटच्या अंकात उत्तर असते. मधल्या भागात मात्र पात्रे तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत बोलून दाखवत राहतात. कोणाला नवे काही कळत नाही, कळलेले कोणाच्या हातून निसटत नाही.

हे प्रत्यक्षात कसे होते ते पाहायला 'शाकुंतला'सारखे दुसरे नाटक नाही. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात ना शाप आहे, ना अंगठी. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही लोकांच्या भीतीने नाकारतो. शेवटी आकाशवाणी तिची बाजू घेते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, ती केवळ राजाला दोषमुक्त करायला, असे सर्रास सांगितले जाते. तेवढ्यावर थांबले तर त्याची कारागिरी हातातून निसटते. शाप चौथ्या अंकाच्या आरंभी उच्चारला जातो. तो ऐकतात दोघी, अनसूया आणि प्रियंवदा. शकुंतला जवळच आहे, पण पतीच्या विचारात बुडालेली असल्याने तिच्या कानी काही पडत नाही. तिच्या कोवळ्या मनाला धक्का नको म्हणून त्या दोघी गप्प राहायचे ठरवतात. मायेपोटी घेतलेल्या या निर्णयावर पुढचे सगळे नाटक उभे आहे.

परिणाम असा होतो की तिच्या सासरी जाण्याचा तो सुंदर, हळवा प्रवेश आपण एका ओझ्याखाली पाहतो. कण्व आशीर्वाद देतो, वेली-हरणे निरोप देतात आणि आपल्याला ठाऊक असते की पुढे तिला कोणी ओळखणार नाही. पाचव्या अंकात ती भर दरबारात बोटाला हात लावते आणि अंगठी नसते. सहाव्यात कोळ्याला माशाच्या पोटात ती सापडते आणि राजाची स्मृती परत येते. पण आपण विसरलो कशामुळे, हे त्याला तेव्हाही उमगत नाही. थेट सातव्या अंकात मारीच ऋषी दोघांनाही शापाची हकीकत सांगतात, तेव्हा राजाच्या मनातली अपराधाची आणि तिच्या मनातली अव्हेराची जखम भरू लागते. प्रेक्षकाला चौथ्या अंकात कळलेली गोष्ट नायक-नायिकेला सातव्यात कळते. मधल्या साऱ्या अंतरात आपण त्यांच्यासाठी झुरत असतो. आणि ही अंगठी ऐन वेळी खिशातून काढावी तशी आलेली नाही. पहिल्याच अंकात, झाडांना पाणी घालण्याच्या ऋणातून शकुंतलेला सोडवण्यासाठी दुष्यंत आपली नाममुद्रा असलेली अंगठी पुढे करतो. त्या वेळी तो एक लाडिक प्रसंग वाटतो. बीज पेरणे याला म्हणतात.

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत रंगभूमीचा पाया घातला तो 'शाकुंतला'नेच, आणि दोन वर्षांनी 'सौभद्र' आणले. 'सौभद्रा'तला यती अर्जुन आहे हे प्रेक्षागृहातल्या पोराटोरांनाही माहीत असते. माहीत नसते ते बलरामाला. कृष्णाला सगळेच ठाऊक. पुढे काय होणार याची उत्सुकता तिथे नावालाही नाही आणि तरी नाटक शतकभर रंगले. कीर्तनातही हेच. उत्तररंगातले आख्यान श्रोत्यांना तोंडपाठ असते. बुवा ते कसे खुलवतात आणि कुठे थांबतात, यासाठी माणसे बसून राहतात. उत्कंठा म्हणजे शेवट ठाऊक नसणे, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

युरोपात गेल्या दीड शतकात रचनेचा जो आराखडा सर्वाधिक वापरला गेला, तो गुस्ताफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये मांडला. परिचय, चढण, शिखर, उतार आणि विनाश असा तो त्रिकोण. त्याचा एक गैरवापर आपल्याकडे रूढ झाला आहे: उत्कर्षबिंदू म्हणजे शेवटचा धमाका. फ्रायटागचे शिखर मध्यभागी आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत ते तिसऱ्या अंकात दिसते. ज्यूलियस सीझर तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात मारला जातो. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलेल्या 'हॅम्लेट'मध्ये नाटकातले नाटक तिसऱ्याच अंकात होते आणि काकाच्या अपराधाची खात्री हॅम्लेटला तिथे पटते. पुढचे दोन अंक आता कळलेल्या गोष्टीचे काय करायचे, याचे आहेत. कळल्यानंतर जगावे लागणारे आयुष्य हाही नाटकाचा विषय असतो. ज्यांचे सगळे रहस्य शेवटच्या दोन मिनिटांत फुटते, त्या एकांकिकांना हा अर्धा भाग लिहायचाच राहून जातो.

आता आधुनिक मराठीतले एक उदाहरण जवळून पाहू. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. गावातल्या एका सभागृहात हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी जमतात. सगळ्यांत आधी येतात लीला बेणारे आणि गावचा साधासरळ सामंत. पडदा उघडतो तेव्हा बेणारेच्या बोटाला इजा झालेली आहे, दाराच्या कडीमुळे. ही कडी जुनी आहे, नीट सरकवली नाही तर माणूस आत अडकतो, असे सामंत तिला सांगतो. बोलणे दुसरीकडे वळते आणि आपण ते विसरतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, लुटुपुटीचा खटला तिच्या खासगी आयुष्यात घुसल्यावर बेणारे पर्स उचलून दाराकडे जाते आणि दार बाहेरून लागलेले असते. दाराची साधी तक्रार म्हणून आलेली गोष्ट आता तिची सुटका रोखून उभी राहते.

ज्ञानाची वाटणी इथे ईडिपसच्या अगदी उलट आहे. ईडिपस स्वतःविषयीचे सत्य जाणत नाही आणि ते शोधत सुटतो. बेणारे सारे जाणते, आणि ते चव्हाट्यावर येऊ नये यासाठी तिची धडपड आहे. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे या प्रत्येकापाशी एकेक तुकडा आहे: कुणी पाहिलेले, कुणी ऐकलेले, कुणाला तिनेच विश्वासाने सांगितलेले. खेळाच्या नावाखाली ते तुकडे एकत्र येतात. आणि निर्णायक घाव घालतो तो सामंत, ज्याला काहीच ठाऊक नाही. साक्ष काहीतरी बनवून द्यायची म्हणून तो हातातल्या कादंबरीचा आधार घेतो, आणि त्या बनावट साक्षीत खरी गोष्ट सापडते. कोरिंथचा तो दूत आणि हा सामंत यांच्यात मला नेहमी नाते दिसते. दोघे बाहेरचे, दोघे भले, दोघांच्या मनात पाप नाही. सर्वांत मोठा आघात निष्पाप माणसाच्या तोंडून यावा, हा बांधणीतला निर्णय आहे. खलनायकाच्या तोंडून तीच गोष्ट आली असती तर तिला ही धार आली नसती.

शेवटी तेंडुलकर आणखी एक वळण घेतात. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला, तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा या शिक्षेने संपतो. आरोप करणाऱ्यांनी स्वतःच तो गुन्हा फर्मावला, हे त्यांच्यापैकी एकालाही कळत नाही. ते फक्त आपल्याला कळते. प्रेक्षकाच्या हाती इतके जड ज्ञान देऊन नाटक थांबते.

सर्व नाटके अशी घट्ट विणलेली नसतात आणि नसावीतही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात लपलेले असे जवळजवळ काही नाही. सुधाकराची सनद रद्द होते, तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो आणि तिथून उतरणीचा प्रत्येक टप्पा आपल्या डोळ्यांसमोर घडतो. जे सगळ्यांना दिसते ते सुधाकर स्वतःपासून लपवतो. त्या आत्मवंचनेने सिंधूचा संसार पोखरत जातो. १९७० च्या 'नटसम्राटा'तही गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांच्या हवाली करतात, तेव्हाच पुढचे चित्र आपल्याला दिसू लागते. लिअर राजाची गोष्ट माहीत नसणाऱ्यालाही दिसते. न दिसते ते फक्त त्या थोर नटाला. अशी नाटके घटनेच्या आरंभापासून सुरू होतात, लांब पल्ला घेतात आणि माणसाला उशिरा येणाऱ्या जाणिवेवर विसंबतात.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त, १९८५ मध्ये, घटना आणखी विरळ होतात. तात्याजींचा मृत्यू पडदा उघडण्याआधीच झालेला आहे. तेराव्याचा खर्च कसा भागवायचा, हा देशपांडे कुटुंबापुढचा प्रश्न आहे. घराण्याचा जुना मोठेपणा आता परवडणारा नाही, हे प्रत्येकाला आतून माहीत आहे आणि कोणीही ते मोठ्याने म्हणत नाही. सर्वांना ठाऊक असलेली, पण उच्चारायची नसलेली गोष्ट हीच तिथली गाठ. रंजू दागिने घेऊन मास्तरबरोबर पळून जाते, तेव्हा ती गाठ सुटत नाही, तुटते. 'घाशीराम कोतवाल'ने तर खेळे-दशावताराच्या मोकळ्या बाजातून आणि माणसांच्या जिवंत पडद्यातून नवीच युक्ती काढली: तो पडदा गातो-नाचतो, सगळे पाहतो आणि सोयीनुसार पाठ फिरवतो. ब्रेख्त प्रवेशात काय होणार हे आधीच जाहीर करायचा, जेणेकरून प्रेक्षकाचे लक्ष 'पुढे काय' ऐवजी 'असे का' याकडे जावे. या साऱ्यांनी जुन्या चौकटी मोडल्या. पण ज्ञान कसे वाटायचे हा निर्णय त्यांनाही घ्यावाच लागला. आपल्या शास्त्रकारांनाही एकच साचा अभिप्रेत नव्हता. प्रहसन, भाण यांसारख्या लहान रूपकांना त्यांनी मुख आणि निर्वहण हे दोनच संधी पुरेसे मानले. एकांकिका लिहिणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

कथेत या वाटणीत एक भागीदार वाढतो, तो म्हणजे निवेदक. मोपासाँच्या 'द नेकलेस' या १८८४ च्या कथेत माटिल्ड मैत्रिणीचा हरवलेला हार भरून देण्यासाठी छत्तीस हजार फ्रँकचा हार विकत घेते आणि त्या कर्जापायी दहा वर्षे राबते. शेवटच्या वाक्यात कळते की मूळ हार नकली होता, फार तर पाचशे फ्रँकचा. इथे वाचक आणि माटिल्ड एकाच पायरीवर आहेत. हा शेवट नुसता धक्का म्हणून लक्षात राहिला असता तर कथा केव्हाच विस्मरणात गेली असती. ती टिकली, कारण त्या वाक्याने मागची दहा वर्षे पुन्हा वाचायला लावली. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधना'त तंत्राचा पुरस्कार केला. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने घट्ट कथानक सैल केले. तंत्र हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून थोडा बदनामच झाला. माझी खात्री आहे की नवकथाकारांनी तंत्र टाकले नाही. कळण्याची जागा त्यांनी बाहेरच्या घटनेतून माणसाच्या मनात हलवली, आणि त्यासाठी अधिक सूक्ष्म तंत्र लागते.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात ग्रीक आणि संस्कृत विचार शेजारी ठेवून वाचला आहे. दुसऱ्या भागात किर्लोस्करांपासून एलकुंचवारांपर्यंतच्या नाटकांची प्रवेशवार उकल आहे. तिसरा भाग लिहिणाऱ्यांसाठी आहे. त्यातला मुख्य स्वाध्याय साधा आहे. आपल्या संहितेच्या प्रत्येक प्रवेशाच्या समासात तीन ओळी लिहायच्या: या प्रवेशात कोणाला काय कळले, कोणापासून काय लपून राहिले, आणि कळल्यामुळे पुढची कोणती वाट बंद झाली. तिन्ही ओळी कोऱ्या राहिल्या तर संवाद कितीही चटकदार असोत, तो प्रवेश काढून पाहावा. बहुतेक वेळा नाटकाला त्याची उणीव भासत नाही. कळले, पण कोणतीच वाट बंद झाली नाही, असे दिसले तर ती माहिती अजून नाटक झालेली नाही, असे समजावे.

महाविद्यालयीन स्पर्धांसाठी दरवर्षी मुले-मुली नव्या संहिता घेऊन उभी राहतात. त्यांच्याकडे विषय असतात, राग असतो, बोलीभाषेचे जिवंत कान असतात. त्यांना मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. लपवणे हा नाटककाराचा हक्क आहे, फसवणे नाही. प्रेक्षकाला जे दाखवले ते खरे हवे, आणि जे मागे ठेवले त्याची खूण समोरच कुठेतरी हवी. पहिल्या अंकातल्या अंगठीसारखी, दाराच्या कडीसारखी. याची परीक्षा दुसऱ्यांदा प्रयोग पाहताना होते. शेवट ठाऊक असताना नाटक पुन्हा पाहिले आणि प्रत्येक वाक्य अधिक अर्थाने भरलेले दिसले, तर रचना सच्ची. पोकळ वाटले, तर लेखकाने प्रेक्षकाच्या अज्ञानाचा गैरफायदा घेतला होता, असे म्हणावे लागते. तिकीट काढून आलेला माणूस दोन-अडीच तास आपले सगळे लक्ष लेखकाच्या स्वाधीन करतो. त्या विश्वासाला पात्र ठरेल अशी बांधणी करणे हे शिकता येते, मेहनतीने येते. त्या मेहनतीला या पुस्तकाची मदत व्हावी, यासाठी ते लिहिले आहे.